एक ते चारचा कारागीर

रामदासला अनुभवाचा दाखला हवा होता, आणि त्या दाखल्यात 'कारागीर' हा एक शब्द हवा होता. एवढंच. त्या एका शब्दासाठी तो दोन महिने सुदर्शनशेठच्या मागे लागला होता आणि सुदर्शनशेठ दोन महिने त्याला आज ये, उद्या ये करत होता.

बुधवार पेठेत बंदुकांचं दुकान आहे हे निम्म्या पुण्याला ठाऊक नाही. लोक तिथे जातात ते वायरी, स्पीकर आणि मोबाईलच्या काचा घ्यायला. त्या गजबजाटात दोन चार्जरवाल्यांच्या मधे एक अरुंद दार आहे, वर रंग उडालेली पाटी, आत कपाटात साखळीनं बांधलेल्या आठ-दहा नव्या बंदुका. दुकान काढलं बद्रीनाथशेठनी. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आता मुलगा सुदर्शन बसतो, आणि दिवाळी झाली की तो बंदुका आवरून मोबाईलची कव्हरं विकायला लागणार आहे. विको बापडा. दुकान त्याचं आहे.

पण रामदासनं कुठे जायचं? वय पासष्ट. चाळीस वर्षं त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करण्यात गेली. दुसरं काही येत नाही, आणि घरी बसून टीव्ही बघायचा म्हटलं तर दोन दिवसांत बायकोशी भांडण ठरलेलं. वारज्याकडे नेमबाजीचा एक क्लब आहे, तिथे बंदुका सांभाळणारा माणूस हवा असल्याचं कळलं, तसा हा भेटून आला. तिथल्या मॅडमनी एक बिघडलेला खटका समोर ठेवला. यानं चहा निवायच्या आत तो बसवून दिला. मॅडम खूश झाल्या. "काका, तुम्ही याच. फक्त जुन्या दुकानाचा दाखला आणा, कारागीर म्हणून काम केल्याचा. आमच्या कमिटीला कागद लागतो."

इथेच घोडं अडलं. दुकानाच्या हजेरीपुस्तकात रामदासच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून लिहिलं होतं, 'सफाई व किरकोळ कामे'. परवान्यावर कारागीर म्हणून नाव होतं बद्रीनाथशेठचं. एकट्या शेठचं.

आता हे शेठ कसे कारागीर होते ते ऐका. दुपारी एकच्या ठोक्याला शेठ शटर पाडायचे आणि वरच्या मजल्यावर घरी जाऊन जेवून झोपायचे, ते थेट चारला खाली यायचे. बाहेर जग बुडालं तरी यात बदल नाही. बंदुका आत एकट्या कशा ठेवायच्या, म्हणून रामदासला आत ठेवायचे आणि बाहेरून कुलूप लावायचे. "झाडून घे तेवढं," म्हणायचे. झाडायला लागतात दहा मिनिटं. उरलेले तीन तास रामदास दुरुस्तीच्या टेबलाशी बसायचा. आधी नुसतं उघडून बघायचा आणि परत लावायचा. मग एक दिवस शेठना दोन दिवस न जमलेला खटका त्यानं दुरुस्त केला. शेठ चारला खाली आले, खटका ओढून पाहिला, "हं" म्हणाले, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाला म्हणाले, "सकाळपासून मान मोडून बसलोय बघा याच्यावर." रामदास तेव्हा गिऱ्हाइकाला पाणी देत होता.

तेव्हापासून तीच रीत पडली. शेठनी दुरुस्तीला आलेली बंदूक एकच्या आधी टेबलावर ठेवायची, काही बोलायचं नाही. चारला ती तयार. याला म्हणायचं काय? कामही त्याचं, कुलूपही त्यालाच. पण घर चालवायचं होतं, रामदास मूग गिळून बसला.

एकदाच त्यानं मूग गिळले नाहीत. ती गोष्ट श्रीनिवासरावांच्या दुनळी बंदुकीची.

श्रीनिवासराव शनिवार पेठेतले. मुळशीकडे त्यांची शेती, रानडुकरांसाठी बंदूक बाळगलेली. दोन नळ्यांची, विलायती, वडिलांच्या वेळची. अशा बंदुकीला नळ्यांच्या खाली पुढे एक हातभर नाही, पण वीतभर तरी लाकूड असतं, डाव्या हातानं धरायला. ते नुसतं स्प्रिंगवर बसतं. पुढच्या टोकाला धरून नळ्यांपासून खाली ओढलं की खट्कन निघतं, दाबलं की खट्कन बसतं. श्रीनिवासरावांच्या बंदुकीची स्प्रिंग मेली होती. बार उडवला की लाकूड गळून चिखलात. शेठनी बघितलं आणि काखा वर केल्या. म्हणाले, "विलायतेहून मागवावी लागेल."

साल सत्याऐंशी. रामदास सत्तावीस वर्षांचा. त्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा मिळवला आणि पाच दुपारी त्यावर घातल्या. तापवला, वाकवला, कानशीनं घासला, लालबुंद करून तेलात बुडवला, पुन्हा निळा होईस्तोवर तापवला. स्प्रिंग अशी झाली की लाकूड बसताना त्या बंद दुकानात फटाका वाजल्यासारखा आवाज आला. मुद्दामच जरा जास्त कडक केली होती त्यानं. संध्याकाळी काय होणार ते त्याला ठाऊक होतं. म्हणून शेवटच्या दुपारी त्यानं कोरणी घेतली आणि लाकडाच्या आतल्या लोखंडी पट्टीवर आपलं नाव कोरलं, साल कोरलं, आणि मग लाकूड बसवून टाकलं. उघडायची वेळ आली तर यावं लागेल माझ्याकडेच, असं त्याच्या मनात होतं.

झालं अगदी तसंच. श्रीनिवासराव आले, पेढे घेऊन आले, शेठचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "असा कारागीर पुण्यात दुसरा नाही!" शेठ लाजले. मग श्रीनिवासरावांनी खोक्यातला एक पेढा रामदासपुढे केला. "घे रे, तूही घे." तो पेढा रामदासनं खाल्ला नाही. खिशात घालून घरी नेला आणि गल्लीतल्या कुत्र्याला घातला. चंपा, म्हणजे बायको, अजून त्यावरून त्याला बोलते.

आणि ती बंदूक पुन्हा आलीच नाही. अडतीस वर्षं!

तर या वर्षी, नवरात्र तोंडावर आलं असताना, सुदर्शननं एकदाचा दाखला टाइप केला. रामदासनं तो वाचला. 'सफाई व किरकोळ कामे केली. वागणूक समाधानकारक.' तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या.

"हे काय आहे, शेठ?"

"पुस्तकात आहे तेच लिहिलंय," सुदर्शन म्हणाला. "परवान्यावर कारागीर म्हणून बाबांचं नाव. मी आज तुझं लिहिलं तर बाबा खोटे ठरतात. आणि पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

सुदर्शन वाईट माणूस नव्हे, पण बापाचा फोटो भिंतीवर लावला की माणसं अशीच बोलतात. रामदासनं दाखला टेबलावरच ठेवला. तो उठला, पायी पायी शनिवार पेठेत गेला आणि श्रीनिवासरावांच्या घराची बेल दाबली. श्रीनिवासराव दीड वर्षापूर्वी गेले होते. दार त्यांच्या पत्नीनं, नीरजाबाईंनी उघडलं. बाई पंचाहत्तरीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. रामदासनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे आमच्या बंदुकीत तुमचं नाव आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"आणि ती माझ्या नावावर होऊन पडलीये कपाटात. मी ती विकायलाच काढणार होते. मला साधा लवंगी लावता येत नाही, बंदूक काय करू? विकायची म्हणजे लाकडाखालचा नंबर कागदाशी जुळवून द्यावा लागतो म्हणे. परवा अकराला आणते दुकानात." मग दार लावता लावता थांबल्या. "सुदर्शन ना? तो माझ्या वर्गात होता सातवीत. तेव्हाही पुरावा मागायचा, गृहपाठ न करता."

परवाचा दिवस उजाडला. क्लबच्या मॅडमनी निरोप दिला होता की आज संध्याकाळपर्यंत कागद आला नाही तर दुसरा माणूस घेऊ. चंपानं डबा हातात देताना सांगितलं, "अहो, आज त्या पायरीवर शेठ शेठ करत उभे राहू नका. आत जाऊन बसा. आणि हात हलवत घरी येऊ नका."

बरोबर अकराला नीरजाबाई रिक्षातून उतरल्या. कॅनव्हासची पिशवी टेबलावर ठेवली आणि वेळ न दवडता म्हणाल्या, "सुदर्शन, हे म्हणतात यात आत यांचं नाव आहे. निघालं तर हवा तसा दाखला देशील? हो किंवा नाही, एवढंच सांग."

सुदर्शन गडबडला. "बाई, तसं नाही, परवान्याचं..."

"हो किंवा नाही."

"हो," सुदर्शन म्हणाला. आणि मग त्याचा व्यापारी जीव जागा झाला. "पण एकच्या आत. एकला मी शटर पाडणार. आणि बंदुकीला ओरखडा आला तर जबाबदारी माझी नाही."

रामदासनं बंदूक हातात घेतली. आधी बिजागरीवर मोडून उघडली आणि दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, रिकाम्या होत्या. पुन्हा बंद केली. दस्ता डाव्या मांडीवर टेकवला, नळ्यांची तोंडं छताकडे केली, डाव्या हातानं नळ्या धरल्या, उजव्या हाताची बोटं लाकडाच्या टोकाशी अडकवली आणि ओढलं.

ढिम्म.

पुन्हा ओढलं. बोटं घसरली, लाकूड जागचं हललं नाही. तिसऱ्यांदा त्यानं सगळा जोर लावला, तेव्हा अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. गेली चार-पाच वर्षं त्याचे अंगठे सकाळी आखडायचे, शर्टाची बटणं चंपा लावून द्यायची. त्याला दरदरून घाम फुटला. ज्या पोरानं ही स्प्रिंग केली होती त्याच्या अंगात रग होती, आणि त्या पोरानं पासष्टाव्या वर्षाचा विचार केला नव्हता.

"हातोडी देऊ का?" सुदर्शननं विचारलं. आवाजात हसू होतं.

"नको."

"नाहीतर स्क्रूड्रायव्हर घालून उचकट. विकायचीच तर आहे."

"सुदर्शन," नीरजाबाई म्हणाल्या, "हातोडी आणायची असेल तर आधी तुझा फोन ठेव इथे. त्याच्यावर चालते का बघू, मग बंदुकीकडे वळू."

रामदासला मात्र हसू आलं नाही. त्यानं चष्मा पुसला, भिंग डोळ्याला लावलं आणि लाकूड नि लोखंड जिथे मिळतात तिथे बारकाईनं बघायला लागला. नुसती स्प्रिंग अशी अडून बसत नाही, हे त्याला हाताला कळलं होतं. स्प्रिंग निदान कुरकुरते. इथे काहीतरी धरून बसलं होतं. सांध्यात त्याला एक तांबूस रेघ दिसली. नखानं खरवडली, तर नखाखाली लाल पापुद्रा आला. तो त्यानं नाकाशी नेला.

"बाई, साहेब हिची पूजा करायचे?"

"करायचे म्हणजे! खंडेनवमीला सकाळी सातला सुरू करायचे ते नऊपर्यंत. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. मग कुंकू तेलात कालवून पुन्हा एकदा. आणि वर जवसाचं तेल, अर्धी वाटी. 'लाकडाला पाजायला सांगितलंय दुकानातून' म्हणायचे."

"शेठनी सांगितलेलं नाही ते. मी सांगितलं होतं. थेंबभर म्हटलं होतं."

"थेंब? अहो, वरणभातावर तूप किती घ्यायचं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, तुम्ही थेंबाचं काय सांगता!"

आता मात्र रामदास हसला. मोठ्यानं हसला. जवसाचं तेल आणि त्यात पूड, म्हणजे खिडकीच्या काचा बसवतात ती लांबी! जिवंत होता तोवर दर खंडेनवमीला त्या माणसानं भक्तिभावानं बंदुकीच्या सांध्यात लांबी भरली होती, वर हात जोडले होते.

आणि या रामदासनं काय केलं होतं? दुकानातही खंडेनवमीला पूजा व्हायची. शेठ सगळी हत्यारं पाटावर मांडायचे. रामदास दर वर्षी पाटापाशी जायचा, त्यातली आपली कानस, आपली पकड आणि आपली कोरणी उचलायचा आणि खिशात घालायचा. "अरे, लावू दे की कुंकू, हत्यार आहे," शेठ म्हणायचे. "माझं आहे, शेठ. याला मी तेल लावतो," रामदास म्हणायचा. त्याचा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आला तेव्हा घरातला देव्हारा त्यानं स्वतःच्या हातानं उतरवला होता. त्या बापाचा मुलगा कुणाच्या पाटावर आपली कानस ठेवणार नव्हता. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "म्हणून याच्या हाताला यश नाही." यश नाही! आणि ते यश दर दुपारी कोण वर पोचवत होतं?

"सुदर्शनशेठ," रामदासनं विचारलं, "खंडेनवमीला मी काय उचलून खिशात घालायचो, आठवतं? तुम्ही प्रसादाला बसायचात तिथे."

"कानस, पकड, काय काय असायचं," सुदर्शन म्हणाला, आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"सफाईवाल्याकडे कानस?" नीरजाबाई म्हणाल्या. "झाडायची नवी पद्धत दिसते."

सुदर्शन उगाचच कपाटाची काच पुसायला लागला.

दुखणं कळलं होतं, आता औषध. रामदासनं मागच्या खोलीतून रॉकेलची बाटली आणि इंजेक्शनची जुनी पिचकारी आणली. सांध्याच्या रेघेवर एकेक थेंब सोडत गेला, लाकडावर ओघळ येईल तो फडक्यानं टिपत. मग विजेच्या शेगडीवर तव्यात वाळू तापवली, तिची फडक्यात पुरचुंडी बांधली.

"मिठानं शेकतात ना?" नीरजाबाईंनी विचारलं.

"माणसाला. मीठ लोखंडाचं वाटोळं करतं."

शेगडी त्यानं आधीच बंद करून रॉकेलपासून लांब ठेवली होती. पुरचुंडी लाकडाला बाहेरून लावायची, हाताला सोसेल इतकीच गरम. मग पुन्हा थेंब. मग पुन्हा शेक. दुखऱ्या गुडघ्याची करावी तशी सेवा चालली होती. बारा वाजले. सव्वाबारा. सुदर्शन दोनदा घड्याळाकडे बघून जांभई देऊन झाला. साडेबाराला रामदासनं पुन्हा ओढून पाहिलं. काही नाही. पाऊण वाजता पाहिलं तेव्हा आत कुठेतरी कुरकुर झाली. सांध्यातून लाल पाणी पाझरायला लागलं.

"दहा मिनिटं राहिली," सुदर्शन म्हणाला. "रामदास, कशाला हात मोडून घेतोस या वयात? मी असं करतो, 'किरकोळ दुरुस्ती' घालतो दाखल्यात. झालं?"

रामदास थांबला. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला वाटलं, घ्यावं. किरकोळ का होईना, दुरुस्ती तरी आहे त्यात. अंगठे ठणकत होते. मॅडमना तेवढं चाललंही असतं कदाचित. मग त्याला तो पेढा आठवला. 'घे रे, तूही घे.' अगदी याच आवाजात.

"नको," तो म्हणाला. "किरकोळ मी काही केलेलं नाही."

तो स्टुलावरून उठला, गल्ल्यामागे गेला आणि बद्रीनाथशेठच्या हाताच्या खुर्चीत जाऊन बसला. चाळीस वर्षांत त्या खुर्चीला तो फक्त फडक्यानं शिवला होता.

"ती बाबांची खुर्ची आहे," सुदर्शन म्हणाला.

"माहीत आहे. पाठ टेकायला लागते."

त्यानं दस्ता मांडीत घट्ट धरला. या वेळी तो ओढत बसला नाही. आधी उलटं केलं. तळहात लाकडावर ठेवून ते नळ्यांकडे दाबलं, अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. सत्याऐंशी साली ते बसवताना असंच दाबलं होतं. आतून कच्च असा आवाज आला, लांबी फुटल्याचा. लगेच त्यानं हात फिरवला, अंगठ्यांना सुट्टी दिली, तळहाताची कड लाकडाच्या टोकामागे अडकवली आणि खांद्यापासून झटका मारला.

खट्ट!

बाहेरचा चार्जरवाला डोकावून गेला इतका आवाज झाला. लाकूड रामदासच्या हातात होतं. एक टवकाही उडाला नव्हता.

आत सगळं लाल होतं. अक्षतांचे दोन दाणेसुद्धा निघाले, दगड झालेले. रामदासनं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि लोखंडी पट्टी पुसायला घेतली.  कुंकू कोरलेल्या रेघांत बसलं होतं. वरचा थर निघाला तशी अक्षरं लाल होऊन वर आली, कुणी भरून ठेवावीत तशी. पट्टी त्यानं सुदर्शनच्या हातात दिली नाही. नीरजाबाईंच्या हातात दिली.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

"रामदास. एकोणीसशे सत्याऐंशी." मग थांबल्या. "खाली अजून आहे काहीतरी. बारीक आहे. दुपारी... दुपारी एक ते चार."

रामदास स्वतः विसरला होता ते. सत्तावीस वर्षांचं पोरगं, मनात काय काय घेऊन बसलं असेल त्या कुलूपबंद दुकानात! त्याला एकदम त्या पोराबद्दल फार माया वाटली. डोळे भरून आले आणि त्यानं ते भरू दिले.

सुदर्शननं पुढे होऊन पट्टीवरची अक्षरं पाहिली. एक ते चार म्हणजे काय, हे त्या घरात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या वेळात वर आवाज केला म्हणून त्यानं लहानपणी मार खाल्ला होता. त्यानं बापाच्या फोटोकडे एकदा पाहिलं. मग मुकाट्यानं दुकानाचा छापील कागद काढला आणि पेनानं लिहायला लागला. लिहून झाल्यावर कागद पुढे सरकवला.

रामदासनं वाचलं. 'श्री. रामदास यांनी आमच्या दुकानात चाळीस वर्षे मदतनीस कारागीर म्हणून...'

त्यानं कागद परत सरकवला. "सुदर्शन, मदतनीस खोड."

"अरे, सन्मानानंच लिहिलंय. बाबांचा मदतनीस..."

"कसला मदतनीस? शेठ तेव्हा वर झोपले होते."

 नीरजाबाई छताकडे बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. सुदर्शनचे कान लाल झाले. त्यानं 'मदतनीस'वर रेघ मारायला पेन टेकवलं.

"खाडाखोड नको," बाई म्हणाल्या. "नवीन कागद घे. कागद कमी पडत असतील तर मी देते."

सुदर्शननं नवीन कागद घेतला. 'कारागीर म्हणून.' मागे काही नाही, पुढे काही नाही. सही केली, शिक्का मारला, आणि शाई वाळावी म्हणून फुंकरही मारली. रामदासनं कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. आभार मानले नाहीत. त्यानं बंदुकीचा नंबर बाईंना लिहून दिला, लोखंड कोरडं करून तेलाचा एक थेंब लावला, एकच, आणि लाकूड परत बसवलं. तसाच आवाज झाला.

"आता मी ही विकू की ठेवू?" नीरजाबाई पिशवीचे बंद बांधत पुटपुटल्या. "ठेवलीच तर यंदा कुंकू लावणार नाही, काळजी करू नका."

बाहेर कुठेतरी एकचा भोंगा वाजला. सुदर्शन सवयीनं उठला. सवयीनंच त्यानं ड्रॉवरमधून कुलूप काढलं, दिवे घालवले, शटरची सळई हातात घेतली. नीरजाबाई रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात करत होत्या. सुदर्शननं शटर निम्मं खाली ओढलं आणि वळून न बघताच विचारलं, जसं त्याचा बाप वर्षानुवर्षं विचारत आला होता.

"आत थांबतोस ना, रामदास? तेवढं झाडून घे."

रामदास शटरखालून वाकून बाहेर आला, सरळ उभा राहिला आणि खिशावरून हात फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "आज मी घरी जाऊन झोपणार आहे. चारपर्यंत."